स्पंज काढणाऱ्यांनी दाखवलेली जहाजं

१९०० सालच्या वसंतात आज ग्रीसमध्ये असलेल्या सिमी बेटावरची दोन लहान गलबतं स्पंज काढायला उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाली होती. क्रीटच्या वायव्येला वादळाने त्यांना गाठलं आणि अँटिकिथिरा नावाच्या एका ओसाड बेटाच्या आडोशाला त्यांनी नांगर टाकले. वादळ शमलं, पण माणसं रिकामी बसून राहणाऱ्यांतली नव्हती. इथे तळाशी स्पंज मिळतो का ते पाहावं म्हणून कप्तान दिमित्रियोस कोंतोस याने इलियास स्टादियातिस या आपल्या पाणबुड्याला खाली सोडलं. अंगात कॅनव्हासचा जाड पोशाख, डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट, आणि वर होडीवरच्या पंपातून नळीने येणारी हवा. काही मिनिटांत इलियासने वर ओढण्याची खूण केली. शिरस्त्राण काढल्यावर तो थरथरत सांगू लागला, की तळाशी माणसांची आणि घोड्यांची कुजकी प्रेतं पडली आहेत, ढीगच्या ढीग.

कप्तानाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने स्वतः तो पोशाख चढवला, खाली गेला, आणि वर येताना एका पुतळ्याचा ब्राँझचा हात घेऊन आला.

पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक इथून सुरुवात करतात आणि लगेच त्या जहाजात सापडलेल्या यंत्राकडे वळतात. १९०२ साली वालेरियोस स्टाइस या पुरातत्त्वज्ञाला गंजलेल्या एका गोळ्यात दातेरी चाक दिसलं आणि त्यातून ग्रहगणिताचं दोन हजार वर्षांपूर्वीचं यंत्र जगापुढे आलं, ही कथा खरोखरच थक्क करणारी आहे. पण मला तिथेच रेंगाळावंसं वाटतं जिथे इलियास उभा होता. पुढच्या ऐंशी वर्षांत भूमध्य समुद्राने जी महत्त्वाची जहाजं माणसाला परत दिली, त्यांतली फार मोठी संख्या अशाच माणसांनी प्रथम पाहिली. ते शिकलेले नव्हते, इतिहास त्यांचा विषय नव्हता. समुद्राच्या तळावर चालणं हा त्यांचा पोटाचा धंदा होता.

याला साधं कारण आहे. स्पंज हा प्राणी वाळूत तग धरत नाही. त्याला चिकटून बसायला टणक जागा लागते. म्हणून स्पंज काढणाऱ्याची नजर वाळूच्या सपाटीवरून सरकत जाते आणि जिथे खडक, उंचवटा, कपार दिसेल तिथे थांबते. बुडालेलं जुनं जहाज म्हणजे नेमका असा उंचवटा. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी वरचा सांगाडा शतकांपूर्वी संपवलेला असतो. उरतो तो माल. तेला-दारूचे दोन कानांचे उंच मातीचे कुंभ शेकड्यांनी एकमेकांवर कोसळलेले असतात. त्यांवर चुन्याचा थर चढतो, स्पंज आणि शेवाळ बसतं, कुंभाच्या तोंडातून मोरे मासा डोकं काढून बघतो, आत ऑक्टोपस घर करतो आणि फुटक्या खापऱ्या ओढून आणून दाराशी रचतो. नवख्याला तो खडकच वाटेल. पण ज्याने आयुष्यभर खडक पाहिले त्याला त्यातली एकसारखी वळणं खटकतात.

या नजरेची किंमत अंगाने मोजावी लागत असे. सिमी आणि कालिम्नोस या बेटांवर त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या अंगाने बुडी मारत. हातात एक चपटा, गुळगुळीत दगड धरायचा, त्याच्या वजनाने झपकन खाली जायचं, छातीतला श्वास संपेपर्यंत स्पंज कापायचा, आणि वरच्या माणसाने दोरीने ओढून घ्यायचं. १८६० च्या दशकात शिरस्त्राणाचा पोशाख आला आणि पाणबुड्या तासन्‌तास खाली राहू लागला. उत्पन्न वाढलं, आणि त्याबरोबर मरणही. दर दहा मीटर खोलीला वातावरणाएवढा आणखी एक दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. माणूस एकदम वर आला, की तोच वायू बुडबुडे होऊन सांध्यांत, मज्जारज्जूत, मेंदूत अडकतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ साली सिद्ध केलं होतं, पण ते ज्ञान कालिम्नोसच्या होड्यांपर्यंत पोहोचायला फार काळ लागला. दर हंगामाला काही तरुण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुरले जात आणि काही काठ्यांच्या आधाराने घरी परतत. कालिम्नोसमध्ये आजही एक नाच नाचतात. साखळीतला पहिला नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी ताल सांभाळतो आणि मध्येच काठी फेकून क्षणभर पूर्वीसारखा नाचतो. तो नाच या पांगळ्या झालेल्या पाणबुड्यांचा आहे.

अँटिकिथिराला ग्रीक सरकारने नौदलाचं जहाज दिलं, पण बुड्या सिमीच्याच माणसांनी मारल्या. तळ सुमारे पन्नास मीटरवर होता. खाली काम करायला दर खेपेला जेमतेम काही मिनिटं मिळत. १९०१ साली काम थांबलं तेव्हा एक पाणबुड्या मेला होता आणि दोघे कायमचे अधू झाले होते. साऱ्या मोहिमेत एकही पुरातत्त्वज्ञ पाण्यात उतरला नाही. ते शक्यच नव्हतं, असं म्हणून आपण त्याला माफ करू. पण परिणाम काय झाला तेही पाहिलं पाहिजे. कामात अडथळा करणारे मोठाले दगड दोरखंड बांधून खोल पाण्यात लोटून दिले जात होते. मग शिक्षणमंत्र्यांना शंका आली, आणि त्यांनी पुढचा एक दगड वर काढायला लावला. समुद्राने खाल्लेला तो दगड हेराक्लिसचा भव्य संगमरवरी पुतळा निघाला. त्याआधी लोटलेले दगड काय होते, ते आता समुद्रालाच ठाऊक.

पुढची चाळीस वर्षं हा पोशाख, ही नळी आणि हा पंप बदलला नाही. बदल आला तो दुसऱ्या महायुद्धातल्या पॅरिसमध्ये. पेट्रोल जर्मनांनी ताब्यात घेतलं होतं, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या, आणि एमिल गान्यां नावाचा एक अभियंता इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप तयार करत होता. नौदलातला अधिकारी जाक-इव्ह कूस्तो त्याच्याकडे आला तेव्हा दोघांच्या लक्षात आलं, की माणसाच्या फुप्फुसालाही हेच हवं आहे: ओढला श्वास की हवा यावी, आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाने यावी. १९४३ च्या आरंभी मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र बरं चालायचं. उभं राहिलं की हवा वाया जायची, डोकं खाली केलं की श्वास कोंडायचा. हवा आत घेण्याची आणि उच्छ्वास बाहेर सोडण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती, त्यामुळे दोन्हीकडचा दाब वेगळा पडत होता. दोन्ही तोंडं शेजारी आणताच दोष गेला. त्या उन्हाळ्यात कूस्तो दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात पाठीवर नळकांडी बांधून उतरला. माणूस आता पाण्यात चालण्याऐवजी माशासारखा आडवा, हात मोकळे ठेवून फिरला. आज मालवणला किंवा अंदमानला हौशी पर्यटक जे रेग्युलेटर तोंडात धरतात, त्याच्या पोटात तेच तत्त्व आहे.

साधन मिळालं, पण पद्धत मिळाली नव्हती. १९५२ साली मार्सेयजवळच्या ग्रां काँग्लुए बेटापाशी कूस्तोच्या चमूने एका रोमन काळातल्या जहाजावर मोठं काम सुरू केलं. हजारो कुंभ वर आले. शास्त्रीय सूत्रं फेर्नां बेन्वा या नामवंत पुरातत्त्वज्ञाकडे होती. ते पाण्यात उतरत नसत, पाणबुड्यांनी आणलेल्या वस्तू आणि वर्णनं यांवरून निष्कर्ष काढत. एकाच जहाजात एवढ्या वेगळ्या काळांचा माल कसा, यावर पुढे तज्ज्ञांची वर्षानुवर्षं भांडणं झाली. उत्तर असं निघालं की तिथे एक नव्हे, दोन जहाजं होती. बऱ्याच वर्षांच्या अंतराने एकावर एक बुडालेली. तळाशी जाऊन थर पाहणारा जाणकार डोळा असता तर हे त्याच वेळी कळलं असतं. उत्खननात वस्तूपेक्षा तिची जागा बोलते, हे जमिनीवरच्या पुरातत्त्वज्ञांना केव्हाच पटलं होतं. पाण्याखाली मात्र अजून खजिना गोळा करण्याचीच रीत चालू होती.

आता तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला, बोद्रुमला यावं लागेल. आज ते श्रीमंतांच्या यॉट लागणारं गाव आहे. १९५८ साली तिथे मासेमारी होती, संत्र्या-मोसंब्यांच्या बागा होत्या, पडीक किल्ला होता आणि स्पंजाच्या होड्या होत्या. काही वर्षांपूर्वी इथल्या एका स्पंजाच्या होडीच्या जाळ्यात देमेतर देवीची ब्राँझची मूर्ती आली होती. तिची हकिकत ऐकून पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचा अमेरिकी पत्रकार बोद्रुमला आला. त्याला पाण्यात बुडी मारता येत होती, पण त्याची खरी हातोटी वेगळी होती: तो तासन्‌तास माणसांत बसू शकत असे. बोद्रुमच्या बंदरावर तो कप्तानांबरोबर राकी प्यायला बसला, त्यांच्या होड्यांवर राबला, त्यांचं तुर्की बोलायला शिकला. ही माणसं अजून शिरस्त्राण घालून, हवेच्या नळीला जोडलेली, तळावरून मैलोन्‌मैल चालत असत. त्यांना कुंभांचे ढीग कुठे कुठे आहेत हे ठाऊक होतं; मात्र त्यांच्या लेखी त्यात काही नवल नव्हतं. कुंभ स्पंजाच्या आड येतात, एवढंच. त्यांच्या सांगण्यावरून थ्रॉकमॉर्टनने दोन हंगामांत तीसहून अधिक प्राचीन जहाजांची नोंद केली.

या कप्तानांत केमाल आरास हा सर्वांत जाणता. मांदालिंजी ही त्याची होडी. त्यानेच थ्रॉकमॉर्टनला यास्सिआदा या लहान बेटाजवळचा तो खडक दाखवला, ज्याच्यावर आपटून वेगवेगळ्या शतकांतली जहाजं एकाच जागी बुडाली आहेत. आणि एका संध्याकाळी बोलता बोलता त्याने सहज सांगितलं, की पूर्वेला गेलिदोन्याच्या भूशिरापाशी तळाला तांब्याच्या लाद्या एकमेकींना चिकटून पडल्या आहेत. सुटत नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला सुरुंग लावून त्या मोकळ्या करायच्या आणि भंगारात विकायच्या. तांबं समुद्रात किती काळ राहिलं तर असं चिकटून जातं, याचा थ्रॉकमॉर्टनने मनाशी हिशेब केला. ब्राँझयुगातल्या लगडी असल्या पाहिजेत. त्याने केमालला गळ घातली की सुरुंग लावू नकोस.

केमालने लावला नाही. भंगाराच्या पैशाची त्याला गरज होती, आणि समोरचा माणूस परका होता. तरी त्याने शब्द पाळला. पुरातत्त्वाच्या इतिहासात उत्खननांची श्रेयनामावली लिहितात. न केलेल्या एका स्फोटाचं श्रेय कुठल्या रकान्यात लिहावं, हे कुणी ठरवलेलं नाही. माझ्या मते ते पहिल्या ओळीत लिहायला हवं.

१९५९ च्या उन्हाळ्यात शोधमोहीम गेलिदोन्याला गेली. केमालने सांगितलेली जागा भूशिराच्या टोकाला पाच लहान बेटांच्या माळेत होती; प्रवाह जोराचा, तळ दगडधोंड्यांचा. बराच वेळ काहीच दिसेना, आणि सोडून जायची वेळ आली असताना लगडी सापडल्या. थ्रॉकमॉर्टनने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. तिथले प्राध्यापक रॉडनी यंग यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला विचारलं, की तुला पाण्यात बुडी मारायला शिकायला आवडेल का. त्या विद्यार्थ्याचं नाव जॉर्ज बॅस. वय सत्तावीस. त्याने फिलाडेल्फियाच्या वायएमसीएच्या तलावात स्कूबाचे धडे घेतले, आणि १९६० च्या जूनमध्ये तो गेलिदोन्याला पोहोचला.

त्याच्याबरोबर थ्रॉकमॉर्टन होता. कूस्तोचा जुना सोबती फ्रेदेरिक द्युमा मुख्य पाणबुड्या म्हणून आला होता. ऑनर फ्रॉस्ट ही चित्रकार आणि पाणबुडी स्त्री तळाचे नकाशे काढणार होती. लंडनहून आलेल्या जोन द्यू प्लात टेलर वर आलेल्या वस्तूंची निगा राखणार होत्या. आणि स्पंजाच्या होड्या होत्या. तळ पडला तो एका अरुंद, दगडी किनाऱ्यावर. मागे सरळ उभा कडा, ज्यावरून अधूनमधून दगड सुटून खाली येत. उन्हाळा असह्य. माणसाला दिवसाकाठी तळाशी राहायला साधारण तासभर मिळे, तोही दोन खेपांत वाटून, आणि दर खेपेला टप्प्याटप्प्याने थांबत वर यावं लागे.

जहाज सुमारे सत्तावीस मीटरवर, एका मोठ्या खडकाच्या आणि तळाच्या मध्ये असलेल्या घळीत पडलं होतं. आता तिथे जहाज असं काही दिसत नव्हतं. खडकावर चुन्याचा जाड, दगडासारखा कठीण थर बसला होता आणि माल त्याच्या आत गाडलेला होता. एकेक लगड सोडवत बसायचं तर सगळा उन्हाळा पुरला नसता आणि वस्तूंची मांडणीही बिघडली असती. म्हणून बॅसने ठरवलं, की ढेकूळच्या ढेकूळ अखंड उचलायचं. आधी छायाचित्रं आणि रेखाटनं करून प्रत्येक गोष्टीची जागा कागदावर घ्यायची, मग छिन्नी-हातोड्याने ढेकळाची कड मोकळी करायची, आणि शेवटी त्याच्याखाली मोटारीचा साधा जॅक लावून ते तळापासून उखडायचं. ज्या जॅकने टायर बदलतात तोच. होडीवरच्या घामाघूम माणसांनी रहाटाने वजनदार ढेकळं वर ओढली, किनाऱ्यावर ती तळाशी होती तशीच पुन्हा शेजारी शेजारी मांडली, आणि मग उन्हात बसून थर फोडत आतल्या वस्तू सोडवल्या. जमिनीवरच्या उत्खननाची शिस्त पाण्याखाली पाळली गेली ती प्रथम इथे. आणि उत्खननाचा प्रमुख दररोज स्वतः तळाशी जात होता, हेही प्रथमच.

आतून निघाल्या तांब्याच्या चौतीस लगडी. चार कोपरे बाहेर ओढलेल्या, जणू बैलाचं कातडं ताणून वाळत घातलं आहे अशा आकाराच्या. खांद्यावर घ्यायला सोपं जावं म्हणून हा आकार असावा. त्यांच्याबरोबर कथिलाची पांढरी भुकटी झालेले अवशेष होते, आणि वेताच्या टोपल्यांत भरलेली ब्राँझची मोडकी हत्यारं: कुऱ्हाडी, कुदळी, नांगराचे फाळ, सुऱ्या. वितळवून नवी करायला नेत असलेलं भंगार. तांबं, कथिल आणि भंगार घेऊन बंदरोबंदरी फिरणारा हा फिरता लोहारच म्हणायचा. लगडींच्या खाली, जहाजाच्या तळफळ्यांवर, झाडाच्या बारीक फांद्या साल न काढता अंथरलेल्या सापडल्या. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस आपली नाव बांधून झाल्यावर तिच्यात फांद्या का पसरतो, हे भाष्यकारांना नीट उलगडत नव्हतं. गेलिदोन्याच्या तळाशी ते उत्तर मिळालं: जड मालाने फळ्या फुटू नयेत म्हणून.

जिथे खलाशांची राहण्याची जागा असावी तिथे सगळ्यांत लहान वस्तू निघाल्या, आणि खरा वाद त्यांनीच पेटवला. एक दिवा, दगडी वजनं, इजिप्ती धर्तीच्या भुंग्याच्या आकाराच्या मुद्रा, व्यापाऱ्याने गळ्यात वा कमरेला बाळगावी अशी एक दंडगोल मुद्रा, कौल लावायला वापरत असावेत असं एक जनावराचं हाड, ऑलिव्हच्या बिया, माशांचे काटे. कुणीतरी जेवलं होतं, तोललं होतं, शकुन पाहिला होता. बॅसने घरी परतून या वजनांचा, मुद्रांचा आणि इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांचा कसून अभ्यास केला. त्या चित्रांत कातड्याच्या आकाराच्या लगडी खांद्यावर वाहणारी माणसं बहुधा सीरियन दाखवलेली आहेत. जहाज इसवी सनपूर्व १२०० च्या सुमाराचं. आणि ते ग्रीकांचं नसून पूर्वेकडच्या, सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचं होतं, असं त्याने १९६७ च्या आपल्या ग्रंथात मांडलं.

विद्वानांना ते पटलं नाही. त्या काळचा रूढ समज असा, की ब्राँझयुगाच्या शेवटी भूमध्य समुद्रावर मायसिनीच्या ग्रीकांची मक्तेदारी होती आणि पूर्वेकडचे दर्यावर्दी फार नंतर आले. होमरने फिनिशियन व्यापाऱ्यांची वर्णनं केली ती स्वतःच्या काळावरून. एका लहान, गरीब जहाजावरून एवढी मोठी उलथापालथ कोण मान्य करणार? बऱ्याच समीक्षकांनी बॅसचा निष्कर्ष बाजूला सारला. बॅस उत्खननं करत राहिला: यास्सिआदाच्या खडकापाशी सातव्या शतकातलं बायझंटाइन जहाज त्याने १९६१ पासून चार हंगाम खणलं. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्याने नौकांच्या पुरातत्त्वासाठी स्वतंत्र संस्था काढली. गेलिदोन्याच्या वस्तू बोद्रुमच्या त्या पडीक किल्ल्यात ठेवल्या होत्या. त्या किल्ल्याचंच पुढे पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय झालं.

आणि त्याच्या संस्थेची माणसं दर उन्हाळ्यात स्पंजाच्या होड्यांवर जात राहिली. कुठल्या आकाराच्या वस्तू दिसल्या तर आम्हाला सांगा, हे पाणबुड्यांना समजावत राहिली. लाखमोलाची उपकरणं जे शोधू शकत नव्हती ते ही माणसं सहज पाहून येत, हे त्यांना थ्रॉकमॉर्टनपासून ठाऊक होतं. वीस वर्षांहून अधिक काळ ही पेरणी चालली.

१९८२ च्या उन्हाळ्यात मेहमेत चाकिर नावाच्या तरुण पाणबुड्याने दक्षिण किनाऱ्यावरच्या काश गावाजवळ, उलुबुरुनच्या भूशिरापाशी, खडी उतरंड पाहिली आणि वर येऊन सांगितलं की खाली धातूची कान असलेली बिस्किटं पडली आहेत. त्याने त्यांचं चित्रही काढून दाखवलं. कातड्याच्या आकाराच्या लगडीचं याहून अचूक वर्णन कुठल्याही विद्वानाने केलेलं मला आठवत नाही.

उलुबुरुनचं जहाज गेलिदोन्याच्या जहाजाहून शंभरेक वर्षांनी जुनं, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचं. आणि श्रीमंतीत त्याला तोड नव्हती. माल ४४ मीटरपासून पुढे साठ मीटरपर्यंत उतरंडीवर पसरला होता. या खोलीत नायट्रोजनची नशा चढते, विचार मंदावतात. म्हणून बॅस आणि त्याचा विद्यार्थी जेमाल पुलाक यांनी नियम घालून दिला: एका खेपेला वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि वर येताना थांब्यावर शुद्ध प्राणवायू. तळाशी पारदर्शक प्लॅस्टिकचा हवा भरलेला घुमट बसवला होता. अडचण आली तर पाणबुड्या त्यात डोकं घालून श्वास घेई आणि वरच्यांशी बोले. १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम, २२,४१३ बुड्या. इतक्या खोल पाण्यात, हाताने, ब्रशने, वस्तूमागून वस्तू.

निघालं ते असं: दहा टन तांबं आणि एक टन कथिल, म्हणजे ब्राँझ ओतायला लागणाऱ्या नेमक्या प्रमाणात. कोबाल्टच्या निळ्या आणि इतर रंगांच्या काचेच्या सुमारे पावणेदोनशे लगडी. दीडशेच्या आसपास कनानी कुंभ, त्यांतले बहुतेक सुगंधी राळेने भरलेले. मोठ्या रांजणांत रचून ठेवलेली सायप्रसची मातीची भांडी. इजिप्तच्या दक्षिणेकडून आलेलं काळं शिसवी लाकूड, हत्तीचा दात, पाणघोड्याचे दात, शहामृगाच्या अंड्यांची कवचं, कासवाच्या पाठी. बाल्टिकचा अंबर. बदाम, अंजिरं, डाळिंबं, धणे, करडई. राणी नेफरतीतीचं नाव कोरलेली सोन्याची मुद्रा. आणि डाळिंबाच्या रांजणात सापडलेली, हस्तिदंती बिजागरीची दोन पानांची लाकडी पाटी, जिच्यावर मेण लावून लिहीत असत. होमरमध्ये लेखनाचा जो एकच उल्लेख येतो तो अशाच मिटलेल्या पाटीचा, आणि तीही नंतरच्या काळची कल्पना समजली जात होती.

मालातलं बहुतेक सगळं पूर्वेकडून पश्चिमेला चाललं होतं, खलाशांच्या वजनांपासून दगडी नांगरांपर्यंत जहाजावरचं सगळं पूर्वेकडच्या वळणाचं होतं. मायसिनीचे म्हणावेत असे प्रवासी त्यावर असावेत, पण पाहुणे म्हणून. बॅसने १९६७ साली एका भंगारवाल्या जहाजावरून जे म्हटलं होतं ते आता टाळता येईना. तांब्याच्या रासायनिक तपासणीने ते सायप्रसचं ठरलं; आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जहाजावरच्या कथिलापैकी सुमारे एक तृतीयांश मध्य आशियाच्या डोंगरांतून आल्याचं निघालं.

आपल्याकडे या शाखेची सुरुवात उशिरा झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचं काम उभं राहिलं आणि द्वारकेच्या समुद्रात पाणबुडे उतरू लागले. त्याच संस्थेच्या पाणबुड्यांनी मुरगावच्या तोंडाशी असलेल्या सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज काळच्या जहाजाचे अवशेष तपासले, तेव्हा तोफा आणि चिनी भांड्यांबरोबर तिथेही हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात निघाले. उलुबुरुननंतर तीन हजार वर्षांनी, दुसऱ्या समुद्रात, आफ्रिकेतून तोच माल निघाला होता. आपल्या किनाऱ्यावर कालवं काढणारे, शेवंड धरणारे, जाळी सोडवायला बुडी मारणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुठल्या खडकाला जाळं अडकतं, कुठे तळाशी लोखंड लागतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याजवळ बसून राकीऐवजी चहा पीत वर्षभर ऐकणारा थ्रॉकमॉर्टन अजून आपल्याला हवा आहे, आणि तो लवकर हवा आहे.

कारण ही वाट कशी बंद होते तेही तुर्कस्तानने दाखवलं. १९८६ पासून भूमध्य समुद्रात स्पंजांवर रोग पसरला. खडकांवर ते कुजून गळून पडू लागले. कृत्रिम स्पंजाने बाजार आधीच पोखरला होता. दोन-तीन वर्षांत बोद्रुमचे बहुतेक कप्तान धंद्याबाहेर गेले. कुणी होडीवर बाकं बसवून पर्यटकांना फिरवायला सुरुवात केली, कुणी परदेशी हौशी लोकांना हवेची नळकांडी भाड्याने दिली. समुद्राचा तळ रोज पावलोपावली चालून पाहणारं कुणी उरलं नाही, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या बातम्याही आटल्या. थ्रॉकमॉर्टन १९९० मध्ये वारला. जॉर्ज बॅस २०२१ च्या मार्चमध्ये गेला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा जनक म्हणून निरोप दिला. तो मान त्याचा होताच. बोद्रुमच्या किल्ल्यात आज उलुबुरुनचा माल स्वतंत्र दालनात मांडलेला आहे, आणि तिथे जाणाऱ्या वाचकाने केमाल आरास आणि मेहमेत चाकिर ही दोन नावं बरोबर घेऊन जावीत, एवढ्यासाठी हा लेख लिहिला.